पेटी गाऊन घ्यायची असते

या दुकानात इतकी वाद्यं आहेत आणि आवाज नाही.

दार ढकललं की आधी गार हवा अंगावर येते, मग नव्या प्लॅस्टिकचा आणि पुठ्ठ्याचा वास. भिंतीवर गिटारी टांगल्या आहेत, कपड्यांच्या दुकानात शर्ट टांगतात तशा, रंग लावून. मधल्या दोन रांगांत कीबोर्ड, एकाला एक खेटून, आणि प्रत्येकाच्या बाजूला हुकावर एक हेडफोन. वाजवून बघणारा तो कानांवर चढवतो. मग त्याची बोटं पळताना दिसतात, मान हलताना दिसते, पण आपल्याला ऐकू येतो तो फक्त पट्ट्यांचा टकटक आवाज, शेजारच्या घरात कुणी सुपात हरभरे निवडत असावं तसा.

नगरच्या सावेडीकडचं हे दुकान नवं आहे. पुण्या-मुंबईत यांची अशीच दुकानं आहेत म्हणतात. असाच पांढरा उजेड, अशीच निळे टी-शर्ट घातलेली पोरंपोरी. मी इथे दुसऱ्यांदा आलोय. आम्ही ख्रिस्ती, आणि आमच्या गावात चर्चला देऊळच म्हणतात. त्या देवळासाठी महिन्याभरापूर्वी इथून कीबोर्ड नेला. त्याचा अडॅप्टर घूं घूं असा घुमतो, तो बदलून घ्यायचा आहे. काउंटरवरच्या मुलीने बिल पाहिलं, आत कुणाला तरी हाक मारली आणि मला म्हणाली, "सर, आतून येतोय पीस. बसा ना तोवर." तिने हात केला ते स्टूल अलीकडच्या रांगेतल्या शेवटच्या कीबोर्डपुढचं होतं.

त्या स्टुलावर मला बसवेना. मी उभाच राहिलो.

"पेटी डोळ्यानं घ्यायची नसती, गाऊन घ्यायची असती," असं आबा म्हणायचे. आबा म्हणजे माझे वडील. ते साखर कारखान्यात गव्हाणीवर होते, जिथे उसाच्या मोळ्या साखळीवर पडून आत जातात तिथे. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी त्या साखळीनेच वाकडी केली होती. आठवडाभर ते हात उसाला, आणि रविवारी पेटीला. पगार फक्त पहिल्या कामाचा. पण कुणी विचारलं की काय करता, तर ते म्हणायचे, "देवळात पेटी वाजवतो," आणि जरा थांबून, "आन् कारखान्यात बी असतो."

मी लहान असताना देवळातल्या जुन्या पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला, तेव्हा नवी घ्यायला आबा आणि दानियेलमामा नगरला गेले. दानियेलमामा आमचे सख्खे मामा नव्हते. ते देवळात तबला वाजवायचे आणि सगळ्या गावाचे मामा होते. मी रडून रडून बरोबर गेलो. दुकान बाजारपेठेतल्या एका गल्लीत होतं, आत लांब आणि अंधारं. त्याचा वास मला अजून येतो. पॉलिशचा, कच्च्या चामड्याचा, सरसाचा, आणि त्यात मिसळलेला दुकानदारशेठच्या कानातल्या अत्तराच्या बोळ्याचा. शेठने गादी झटकली, चहा सांगितला, आणि एक पेटी पुढे सरकवली. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले आणि गायला लागले. एखादी ओळ नाही, अख्खं गीत, सुगीच्या सणाला आम्ही म्हणतो ते, पहिली पेंढी देवाला वाहण्याचं. मामांनी दुकानातलाच तबला ओढून घेतला. ती पेटी झाली की दुसरी, आणि तिच्यावर पुन्हा तेच गीत पहिल्यापासून. शेठला घाई नव्हती. तोही हळूच झांज घेऊन बसला. पेटी घ्यायला माणसं यायची ती अशीच यायची. भजनाची असोत, आमची असोत, दुकानात बसून गाऊन पेटी घ्यायची.

"ही कशी वाटती?" शेठने विचारलं.

"ग्वाड हाय," आबा म्हणाले, "पर लाजती."

"लाजती म्हंजे?"

"वरच्या सुराला गेलं की मागं सरती."

"नवी नवरी हाय," दानियेलमामा तबल्यावर हात ठेवून म्हणाले. "चार दिस नांदू द्या की तिला."

शेजारच्या दुकानातले नोकर येऊन दारात उभे राहिले. केळीवाली बाई पाटी उतरवून पायरीवर बसली आणि मला एक केळं दिलं. दुपार कलली तेव्हा एका पेटीवर आबा दुसऱ्या कडव्यात थांबले, डोळे उघडले आणि मामांकडे बघून नुसती मान हलवली. शेठने झांज खाली ठेवली. भाव वगैरे नंतर झाला असेल. तो मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की ती पेटी आम्ही निवडली असं कुणी म्हणालं नाही. "हिनं होकार दिला," असं आबा म्हणाले.

परतीच्या एसटीत पेटी आबांच्या मांडीवर होती, कापडात गुंडाळलेली. कंडक्टरने टोकलं. "पेटीचं तिकीट?"

"ल्हान हाय अजून," मामा म्हणाले. "अर्धं बी बसत न्हाई."

"मंग रडून दाखवायला सांगा."

सगळी गाडी हसली. आबांनी कापड सोडलं. पण गाडी हिसके देत होती. डाव्या हाताने पेटी धरून ठेवावी तर भाता कोण मारणार? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पुढ्यात, दोन बाकांच्या मधे उभा होतो. पेटीची मागची बाजू माझ्या छातीशी येत होती.

"बाळ, भाता मार."

मी भाता ओढला आणि सोडला. गाडीच्या आवाजात एक सूर लांबच्या लांब उमटला. तो मी काढलाय यावर माझा विश्वासच बसेना. कंडक्टर तिकिटांची पेटी काखेत धरून पुढे जायचं विसरला. घोडेगावला उतरेपर्यंत मी भाता मारत होतो आणि माझे दंड आतून थरथरत होते.

त्या दिवसापासून भाता माझ्याकडे आला. खरं तर पेटीवाल्याने एका हाताने वाजवायचं आणि दुसऱ्या हाताने भाता मारायचा अशीच रीत आहे. पण माझ्यामुळे आबांचे दोन्ही हात मोकळे झाले. डावा हात खालच्या पट्ट्यांवर गेला आणि आमच्या देवळातल्या गाण्याला तळ आला. उपासना चालवणारे पाळकसाहेब एकदा म्हणाले, पेट्या दोन झाल्या की काय. मी पेटीच्या मागे, आबांच्या समोर बसायचो, मंडळीकडे पाठ करून. म्हणून लहानपणीचा रविवार मला आठवतो तो आबांच्या चेहऱ्यावरूनच. हनुवटीवर वस्तऱ्याने लागलेलं, त्याला चिकटवलेला वर्तमानपत्राचा कपटा. गळ्याची तटतटणारी शीर. साबणाने कितीही धुतले तरी हातांना येणारा कारखान्यातल्या मळीचा आंबूस गोड वास. वरच्या सुराला जायचं असलं की ते भुवया उंचावायचे. मंडळीला वाटायचं, ते भक्तीने असं करतात. ती खूण माझ्यासाठी होती. हवा वाढव.

आणि भात्यातून येणारी ती हवा. लाकूड, चामडं, डांबरगोळ्या, आणि पेटी जिच्यात बांधून ठेवत त्या आईच्या हिरव्या साडीचा वास. गाणं मला आधी नाकाला यायचं, मग कानाला.

सुगीच्या सणाला पेटीपुढे जोंधळ्याची कणसं रचलेली असत, दुधी, भोपळे, पाटीतली अंडी, आणि पाय बांधलेल्या कोंबड्या. प्रार्थनेत सगळे गप्प झाले की नेमकी एखादी कोंबडी बोलायची. मग आवारात लिलाव व्हायचा आणि दानियेलमामा स्वतःचीच कोंबडी स्वतः बोली लावून परत घ्यायचे. नाताळच्या आधी पहाटे फेरी निघायची. आबा पेटीला पट्टा बांधून गळ्यात अडकवत, आणि मी त्यांच्यापुढे भाता मारत मागे मागे चालायचो. आख्खं गाव मी असं उलटं चाललोय. दारातले शेणाचे सडे, धुक्यातले बैल, शेकोटीचा धूर, अंगणात शेवया वाळत घातलेल्या बाजा, सगळं माझ्या पाठीमागून येई आणि आबांच्या खांद्यावरून लांब जाई. मी कशाला अडखळलो तर आबा गाण्यातच, चालीत बसवून, "बाळ, दगड" म्हणायचे, आणि मागचे लोक तेही गाणं समजून म्हणायचे.

मग एका रविवारी मी बाकावर जाऊन बसलो. मिसरूड फुटलं होतं, नगरला शाळेत नाव घातलं होतं, एवढंच आठवतं. आबांनी पेटी उघडली, समोरच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं, मग बाकांकडे. डावा हात पट्ट्यांवरून उचलला आणि भात्याला नेला. त्या दिवसापासून गाण्यातला खालचा सूर गेला तो गेलाच. मंडळीला कळलंही नसेल. मला प्रत्येक रविवारी कळायचं.

"सर, झालंच हं," काउंटरवरची मुलगी लांबून म्हणाली. मी मान हलवली.

गेल्या वर्षभरात देवळात कीबोर्डचं बोलणं निघत होतं. दानियेलमामा गेले, तबला कपाटात गेला. नव्या पोरापोरींना मोबाईलवर ऐकलेली गाणी म्हणायची होती, आणि पेटीचे दोन सूर बसले होते. मी आता त्याच गावात राहतो, जवळच्या शाळेत शिकवतो, मंडळीचा चिटणीस आहे. बैठकीत हात वर करायची वेळ आली तेव्हा मी वर केला, आणि मग समोर पाहिलं. आबांनीही केला होता. पंच्याहत्तरी उलटलेला तो हात, वाकड्या करंगळीचा.

"घ्या," ते म्हणाले. "काळ बदलतो. पर गाऊन घ्या. मी येतो."

निघायच्या दिवशी त्यांनी माझ्या लग्नातला कोट काढला. टोपी धुतलेली. आई दारात उभी राहून म्हणाली, "नवरदेव निघालं का पोरगी बघाया?"

"मी न्हाई," आबा म्हणाले. "मी वरमाय. नाक मुरडायला चाललोय."

मोटरसायकल असताना ते एसटीचाच हट्ट धरून बसले. पहिली पेटी एसटीनं आली हुती, म्हणून. गाडीच्या पाटीवर अहिल्यानगर लिहिलं होतं आणि कंडक्टर नगर, नगर ओरडत होता. शिंगणापूरला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती, त्यात आमची गाडी अडकली. आबा खिडकीशी बसून गुणगुणत होते. तेच गीत. ते घसा तयार करत होते हे मला कळलं. त्यांना सांगायला हवं होतं, की आबा, तिथे असं गात नाहीत. सांगायला अख्खा रस्ता होता. मी मोबाईल पाहत बसलो.

दुकानात शिरताना आबांनी दाराशी चपला काढल्या. "काका, चालतं घातलं तरी," असं एक मुलगा म्हणाला. तरी ते अनवाणीच आत आले. त्या गुळगुळीत फरशीवर त्यांचे भेगाळलेले पाय मला दिसत होते, आणि ते दुसऱ्या कुणाला दिसू नयेत असं वाटत होतं. हे मी लिहितोय ते माझं मलाच वाचवत नाही.

त्यांना शेवटच्या कीबोर्डपुढे बसवलं. त्याचा हेडफोन बाजूला हुकावर होता, वायर मागे खोचलेली. वायर खोचलेली असली की आवाज फक्त हेडफोनमध्ये जातो, बाहेर नाही. आबांना हे कुणी सांगितलं नव्हतं. मी पलीकडच्या रांगेत दुसरे कीबोर्ड बघत होतो. बघत होतो म्हणजे, त्यांच्यापासून लांब होतो. शेजारी कॉलेजातलं एक जोडपं गिटारी पाहत होतं. मुलीचे बूट पांढरेशुभ्र होते.

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे मिटले. उजवा हात पट्टीवर ठेवला आणि दाबली. काहीच नाही. पुन्हा दाबली. मग त्यांचा डावा हात आपोआप मागे गेला, भात्याकडे, आणि तिथे नुसती हवा चाचपत राहिला.

आबांना वीज कळत नाही असं नाही. कारखान्यात आयुष्य गेलंय त्यांचं. लग्नाच्या मांडवात त्यांनी कीबोर्ड पाहिलाय, नावं ठेवलीत. पण गायच्या आधी डोळे मिटले की ते कुठे असतात ते मला माहीत आहे, आणि मलाच माहीत आहे. त्यांनी डावा हात मागून काढून खालच्या पट्ट्यांवर ठेवला. चाळीस वर्षांनी दोन्ही हात पट्ट्यांवर. आणि डोळे न उघडता, सहज, म्हणाले,

"बाळ, भाता."

गिटारवाल्या मुलीने मान वळवली. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू आलं, वाईट नव्हतं ते. निळ्या टी-शर्टचा एक मुलगा दुसऱ्याकडे पाहून भुवई उडवून हसला.

माझ्यासमोरच्या हुकावर हेडफोन होता. मी तो काढला आणि कानांवर चढवला.

"बाळ, भाता मार की रं."

मी समोरच्या कीबोर्डवर बोटं ठेवली आणि मान डोलवायला लागलो.

आबांनी जरा वाट पाहिली. मग गायलाच लागले. मुक्या पट्ट्यांवर दोन्ही हात फिरत होते आणि तोंडाने ते अख्खं गीत म्हणत होते, पहिली पेंढी, पहिलं कणीस, मोठ्या आवाजात, देवळात म्हणतात तसं. सुराला आधार नव्हता. दुसऱ्या कडव्यात वर जाताना आवाज फाटला. ते थांबले नाहीत. फाटलेला तसाच वर नेला आणि तसाच खाली आणला. हे संपत आलं तेव्हा काउंटरवरची हीच मुलगी धावत गेली आणि मागची वायर उपटली. एकदम कीबोर्डातून व्हायोलिनचा आणि ढोलांचा असा मोठा आवाज फुटला की आबांनी चटका बसल्यासारखे हात मागे घेतले.

तेव्हा मी हेडफोनची वायर सोडवून तो गळ्यात उतरवला. लांबून आल्यासारखा त्यांच्याजवळ गेलो. आणि म्हणालो,

"काय झालं, आबा?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या गळ्याशी लोंबणाऱ्या हेडफोनकडे.

"काय न्हाई," ते म्हणाले. "तुला ऐकू आलं नसंल. कानाला लावलं हुतं ना तू."

"हो," मी म्हणालो.

कीबोर्ड घेतला. येताना एसटीत खोका आमच्या दोघांच्या मधे होता, वरून खालपर्यंत चिकटपट्टी लावलेला. कंडक्टरने विचारलं, "टीव्ही का?" आबा म्हणाले, "देवळाचं हाय," आणि खिडकीबाहेर पाहत राहिले.

रविवारी पाळकसाहेबांनी त्यावर प्रार्थना केली. मंडळीतली एक मुलगी छान वाजवते. सगळे खूश आहेत. आबा शेवटच्या बाकावर बसतात. त्यांचे ओठ हलतात. मी पुढून वळून वळून पाहतो, आवाज निघत नाही. घरीही नाही. सकाळी दात घासताना, गोठ्यात, न्हाणीत, जिथे तिथे गुणगुणणारा माणूस महिनाभर गप्प आहे. पेटी कॉटखाली हिरव्या साडीत बांधलेली. परवा आई जेवताना त्यांना म्हणाली, "काय वं, त्या दुकानात जीभ इसरून आलात का? ह्याला पाठवते, ह्यो आनंल."

आबा हसले.

"सर." मुलगी अडॅप्टर घेऊन आली होती. नवा, पिशवीत बंद. "त्या दिवशीचे काका नाही आले?"

"नाही."

"काय गात होते ओ! मी घरी सांगितलं मम्मीला. आमच्या स्टोअरमध्ये असं कुणी गातच नाही." मग ती जरा घुटमळली. "ते कुणाला तरी बोलवत होते ना? बाळ म्हणून. मी इकडेतिकडे पाहिलं, लहान मुलगा कुठे दिसला नाही."

मी अडॅप्टर पिशवीत टाकला.

ती गेल्यावर मी पलीकडच्या रांगेत गेलो. तोच कीबोर्ड, तोच हुक. हेडफोन काढून कानांवर चढवला. खात्री करायची होती असं नाही, मला माहीतच होतं. कीबोर्ड बंद होता. त्या दिवशीही बंदच होता. हेडफोनच्या गाद्यांमधून दुकान जरा दूर गेल्यासारखं वाटतं, पाण्याखालून ऐकावं तसं, पण सगळं ऐकू येतं. दार उघडल्याचं, मुलगी फोनवर कुणाला तरी आज भाजी काय केलीस विचारत होती ते, बाहेर रिक्षावाल्याने शिवी दिली ती. सगळं. आबांच्या दोन्ही हाका मला ऐकू आल्या होत्या. गाण्याचा शब्दन् शब्द ऐकू आला होता. ऐकू आलं नसेल, हे त्यांनी मला दिलं आणि मी ते घेतलं, आणि महिनाभर अंगावर घालून हिंडतोय.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आबा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी पिशवी खुंटीला अडकवली, कॉटखालून पेटी ओढली. आईने मारलेली गाठ सुटेना, दातांनी सोडवली. साडीतून तोच वास आला. पेटी ओट्यावर आणली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

"आता कशाला काढली?"

मी पेटीच्या मागे बसलो, त्यांच्यासमोर. गुडघे आता तसे मुडपत नाहीत. भात्याची कडी काढली.

"आबा, त्या दिवशी मला ऐकू आलं होतं."

एक शेंग फुटली. मग आणखी एक.

"कानाला लावलेल्यात काही वाजत नव्हतं. तुम्ही हाक मारलीत ती ऐकली मी. दोन्ही वेळा."

आबांनी मांडीवरची टरफलं झटकली. हात धोतराला पुसले, एक, मग दुसरा. आत आईने भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"गानं बी ऐकलं?"

"हो."

"समदं?"

"सगळं."

"दुसऱ्या कडव्याला आवाज फाटला माझा."

"हो," मी म्हणालो. "फाटला."

ते पेटीकडे पाहत होते.

"तवा पायजे हुता भाता."

त्यांनी दोन्ही हात उचलून पट्ट्यांवर ठेवले. डावा खाली, उजवा वर, वाकडी करंगळी जरा अधांतरी.

"मार आता."

मी भाता ओढला. कुठेतरी चीर गेली होती, निम्मी हवा बाहेरच माझ्या मनगटावर येत होती, डांबरगोळ्यांची, जुन्या साडीची. पुन्हा ओढला. सूर उमटायला वेळ लागला. आधी खालचा आला, खरखरत, मग त्याच्यावर दुसरा. आबांनी घसा साफ केला आणि हळू आवाजात सुरुवात केली. दुसऱ्या कडव्यात त्यांनी भुवया वर केल्या असतील. मला सांगता येणार नाही. मी मान वर केली नाही, नुसती हवा वाढवत गेलो.